पहिलं कडवं मोफत

मी गाद्या विकतो. ज्याला झोपच येत नाही त्याला मी गादी विकली आहे आणि ज्याला बसल्या जागी झोप लागते त्यालाही विकली आहे! गेल्या बावीस वर्षांत माझ्या दुकानात शिरलेला माणूस गादी न घेता बाहेर पडला असं एकदाच झालं. तो विजेचा मीटर बघायला आला होता. त्यानंही जाताना उशी नेली.

तर असा हा मी! त्यामुळे आमच्या चर्चच्या पंच कमिटीत जेव्हा प्रश्न निघाला, की गीतांचं ॲप लोकांना फुकट द्यावं की पैसे घेऊन, तेव्हा मी खुर्चीत जरा मागे रेललो, पायावर पाय टाकला आणि म्हणालो, "हा विषय माझ्यावर सोडा."

चारच शब्द. पण त्या चार शब्दांनी माझी काय अवस्था केली ते ऐका.

आधी ॲपची गरज का पडली ते सांगतो. आमच्या चर्चमधल्या गीतांच्या पुस्तकांची पार दशा झालेली. कुणाला मलपृष्ठ नाही, कुणाला अनुक्रमणिका नाही, आणि एका बाकावरच्या पुस्तकात तर एकच गीत उरलेलं. त्या बाकावर बसणारे कुठलंही गीत लागलं तरी तेच म्हणत! आमचे घंटावाले काका घंटा वाजवतात, झाडलोट करतात आणि दर शनिवारी डिंकाची बाटली घेऊन ही पुस्तकं चिकटवत बसतात. अक्षर इतकं बारीक, की म्हाताऱ्या मंडळींनी पुस्तक नाकाला लावलं तरी ओळ सापडत नाही.

शिवाय आमची निम्मी गीतं पुस्तकात नाहीतच. ती सासूबाईंच्या वह्यांत आहेत.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पन्नास वर्षं गायकवृंदात उभ्या राहिल्या. जिथं नवीन गीत ऐकलं तिथून ते उतरवून आणलं, साठेक गीतं स्वतः रचली, आणि ज्यानं मागितलं त्याला स्वतःच्या हातानं लिहून दिली. कुणाकडून कागदाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. अलीकडे त्यांची नजर अधू झाली होती आणि कडवी गाता गाता निसटत होती. म्हणून त्यांनी ठरवलं, आता थांबायचं. पण थांबण्याआधी त्यांची एकच इच्छा होती. एका रविवारी त्यांचं 'दार उघडे ठेव देवा' हे गीत सगळ्या मंडळीनं मिळून म्हणावं, आणि पहिलं कडवं म्हणून खाली बसायचं असं नाही, पाचच्या पाच कडवी म्हणावीत.

यावर तोडगा काढला त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या मेहुण्यानं. तो संगणकातला माणूस. म्हणाला, "आई, मी ॲप बनवतो. अक्षर हवं तेवढं मोठं करता येईल. वह्या दे."

सासूबाईंनी अकरा वह्या दिल्या, पण आधी माझ्याकडे वळल्या. कमिटीत मी होतो ना!

"जावईबापू, एक अट आहे. कुणाला अडवायचं नाही. ज्याला जे हवं ते सगळं मिळालं पाहिजे. शब्द द्या."

"दिला, आई!" मी म्हणालो. शब्द द्यायला कुठे पैसे पडतात?

कमिटीची सभा झाली. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, बिचारे साधे. म्हणाले, "मला वाटतं फुकटच असावं. देवाचं काम आहे."

"साहेब, फुकटची वस्तू माणूस उशाला घेत नाही!" मी म्हणालो. "मी एकदा गादीवर उशी फुकट दिली. लोकांनी ती कुत्र्याखाली घातली! तिच्यावर किंमत चिकटवली, तर त्याच लोकांनी तिला अभ्रे शिवले!"

"पण बायबलमधलं ते 'फुकट मिळालं, फुकट द्या' हे वचन..."

"आणि कामकऱ्याच्या मजुरीबद्दलचं?" मी दोन्ही वचनांवर सकाळीच खुणा करून ठेवल्या होत्या. "काम करणाऱ्याला मोबदला नको? माझा मेहुणा तीन महिने डोळे फोडून घेतोय! लोक सिनेमे बघायला दरमहा पैसे भरतात, आणि देवाचं नाव आलं की यांचे हात खिशातून बाहेर येत नाहीत!"

हे शेवटचं खरं होतं. त्यामुळे सगळे खाली बघू लागले.

कमिटीत आमचे दातांचे डॉक्टरही आहेत. गृहस्थ सज्जन, पण त्यांना कुठल्याही कामात आधी एकच गोष्ट कळायला हवी असते.

"पैसे भरणाऱ्याचं नाव दिसेल का?" त्यांनी विचारलं.

"दिसेल! नावापुढे सोनेरी तारा!"

"मग माझी हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "मी अख्ख्या घरासाठी परिवार योजनाच घेईन."

सेक्रेटरीबाईंनी ठराव लिहिला: 'मूळ सेवा मोफत, काही सोयी सशुल्क.' 'काही सोयी' म्हणजे काय, हे कुणीतरी विचारणार इतक्यात चहा आला. चहा आल्यावर आमच्या कमिटीत कुणी काही विचारत नाही.

मेहुण्यानं मात्र विचारलं.

"भाऊजी, काही सोयी म्हणजे नक्की काय?"

"पहिलं कडवं मोफत. पुढची सशुल्क."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कडवी ही सोय आहे?"

"अरे, गादीवर दोन मिनिटं पडून बघायला मी पैसे घेतो का? नाही! पण रात्रभर झोपायचं तर विकत घ्या!"

"आईला सांगितलंत?"

"योग्य वेळी सांगेन. आणि हो, जे पैसे भरणार नाहीत त्यांच्यासाठी एक छोटीशी जाहिरात टाकायची."

"कसली?"

"माझ्या दुकानाची! पण गाण्यात अडथळा नको. दोन मिनिटं कुणी ॲपला हात लावला नाही, की मगच सुरू होऊ दे. म्हणजे काय, बोट थांबलं तरच!"

बघा, केवढा विचार केला होता मी! जाहिरात मी स्वतःच्या भारदस्त आवाजात म्हटली. "दमलात? आता शांतपणे आडवे व्हा! बाकी सगळं आमच्यावर सोडा!"

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, एकदा चर्चमध्ये चालवून बघायला हवं."

"कशाला? गाताना बोट फिरतंच की!"

"बरं. आणि भाऊजी... माझं ते तीन महिन्यांचं..."

"काय?" मी उभाच राहिलो. "सेवेचे पैसे मागतोस? देवाच्या कामात? तेही घरच्या माणसाकडून?" आणि त्याच्या पाठीवर अशी प्रेमळ थाप मारली, की तो थेट कीबोर्डवर वाकला. मान खाली घालून टाइप करत राहिला.

आता राहिल्या सासूबाई. त्यांच्यासाठी मी एक मोठा टॅब आणला आणि मेहुण्याकडून त्यात सगळी गीतं उघडी करून घेतली. म्हणजे त्यांना पाचही कडवी दिसणार, त्या आनंदानं गाणार, आणि कुलपाचा त्यांना पत्ताही लागणार नाही. माझ्या मते हे शब्द पाळण्याच्या अगदी जवळपास होतं.

ठरलेला रविवार उजाडला. मी पहाटेच चर्चमध्ये जाऊन सगळी पुस्तकं कपाटात बंद केली. दारावर वीस वर्षं लटकणारी 'कृपया फोन बंद ठेवा' ही पाटी भिंतीकडे तोंड करून उलटी लावली. घंटावाले काका बघत होते.

"साहेब, आज पुस्तकं नाहीत?"

"काका, आता डिंकाचे दिवस संपले! तुमचा फोन आणा, मी ॲप टाकून देतो."

काकांचा फोन त्यांच्या मुलीनं वापरून सोडलेला. काचेला दोन तडे. पण ॲप बसलं. काकांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्या दिवशी घंटा नेहमीपेक्षा चार ठोके जास्त वाजवली.

उपासनेच्या सुरुवातीला मी व्यासपीठावरून ॲपची घोषणा केली. माणसांनी फोन काढले, ॲप उतरवलं, पहिलं ओळखीचं गीत झकास झालं. ते सगळ्यांना पाठच होतं, त्यामुळे दुसऱ्या कडव्याला फोनकडे कुणी बघितलंच नाही. मी बायकोकडे वळून भुवया उडवल्या. ती म्हणाली, "अहो, समोर बघा."

मग पाळकसाहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

आणि इथं, वाचकहो, माझ्या लक्षात आली ती गोष्ट, जी तीन महिने माझ्या किंवा मेहुण्याच्या, कुणाच्याच लक्षात आली नव्हती. आम्ही दोघं जन्मापासून या बाकांवर बसत आलो, तरी नाही! प्रार्थनेत माणूस डोळे मिटतो. हात जोडतो. बोट थांबतं! आणि आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना अकरा मिनिटांच्या आत कधी संपलेली नाही.

मी मनात सेकंद मोजू लागलो. पाळकसाहेब आजाऱ्यांपाशी आले. प्रवाशांपाशी आले. मग मंडळीतले जे श्रमलेले आहेत, भागलेले आहेत, त्यांच्यासाठी त्यांनी आवाज हळवा केला. "हे प्रभो, ही तुझी थकलेली लेकरं..."

"दमलात?" तिसऱ्या बाकावरून माझा आवाज आला.

पाळकसाहेब थांबले. क्षणभर त्यांना वाटलं असावं, की वरूनच विचारणा झाली. ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "होय, प्रभो..."

"आता शांतपणे आडवे व्हा!"

तोवर पाचवा बाक सुरू झाला. मग सातवा. मग खिडकीकडची रांग. लोकांनी ॲप एकेक करून उघडलं होतं, त्यामुळे जाहिरातही एकेक करून लागली! "दमलात?" "आडवे व्हा!" "दमलात?" "आमच्यावर सोडा!" सव्वाशे फोनांतून मीच मागेपुढे बोलत होतो!

तुम्ही म्हणाल, कुणी बंद का केली नाही? अहो, कोण करणार? बंद करायला डोळे उघडावे लागतात! आणि प्रार्थनेत ज्यानं डोळे उघडले त्याला शेजारी म्हणणार, तुम्ही डोळे का उघडले होतेत? आमच्याकडे माणूस एक वेळ भूकंप सोसेल, पण 'आमेन'च्या आधी डोळे उघडणार नाही. सगळे डोळे गच्च मिटून, दात आवळून, माझी जाहिरात ऐकत उभे होते. फक्त मागच्या बाकावरचे एक आजोबा खरोखरच आडवे झाले.

पाळकसाहेबांनी घाईघाईनं 'आमेन' म्हटलं. चार मिनिटांत प्रार्थना संपली! काही जणांच्या चेहऱ्यावर त्याबद्दल कृतज्ञताही दिसली, उगाच खोटं कशाला बोलू.

"सगळ्यांनी कृपा करून आवाज बंद करा," पाळकसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले. "आता आपल्या बाई त्यांचं गीत म्हणतील. आपण सगळे साथ देऊ या. पाचही कडवी."

सासूबाई उभ्या राहिल्या. पांढरी साडी, हातात माझा टॅब. ऑर्गन सुरू झाला आणि सगळी मंडळी एका आवाजात गाऊ लागली:

दार उघडे ठेव देवा, आज मी आले घरी,
भटकले मी दूर रानी, वाट चुकले मी जरी.

काय आवाज लागला होता म्हणून सांगू! सासूबाईंचे डोळे भरून आले. पहिलं कडवं संपलं, आणि सव्वाशे फोनांवर एक सोनेरी कुलूप उगवलं. 'पुढील कडव्यांसाठी सभासद व्हा!'

मंडळी गप्प झाली. पण पूर्ण गप्प नाही! उजवीकडच्या दुसऱ्या बाकावरून दातांच्या डॉक्टरांचं कुटुंब पुढे गात राहिलं. डॉक्टर, त्यांची बायको, दोन मुली आणि डॉक्टरांची आई. परिवार योजना!

लाज वाटे आत येता, पाय हे मळले किती...

आता, या कुटुंबाला सूर म्हणजे काय हे ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याचंही ठाऊक नाही. डॉक्टर एका पट्टीत, बाई दुसऱ्या पट्टीत, आणि आजी तर थेट दुसऱ्याच गीतात. एरवी सव्वाशे माणसांत हे खपून जायचं. आज ते पाच जण एकटेच! दाढ काढताना पेशंट जसा ओरडतो, तसं ते दुसरं कडवं ऐकू आलं. डॉक्टर मान उंचावून, पैसे भरल्याच्या समाधानानं गात होते.

बाकीच्यांना राहवेना. त्यांनी पुन्हा पहिलं कडवं सुरू केलं. त्यांना तेवढंच दिसत होतं! इकडून डॉक्टरांचे मळके पाय आत चाललेले, तिकडून अख्खी मंडळी पुन्हा दारात. तिसऱ्यांदाही दारात. आत काही कुणाला जाता येईना!

मी मेहुण्याला मेसेज केला, 'कुलूप काढ!' उत्तर आलं, 'वरून, म्हणजे ॲप स्टोअरकडून, मंजुरी लागते. दोन दिवस.' मग आणखी एक आलं, 'म्हटलं होतं चालवून बघू.'

सासूबाईंना काही उमगेना. त्यांच्या टॅबवर तर सगळं दिसत होतं! त्या गाता गाता थांबल्या आणि मंडळीकडे बघू लागल्या. दारापाशी, घंटेच्या दोरीजवळ, घंटावाले काका उभे होते. चाळीस वर्षं ज्यांचा आवाज सगळ्यांत मागून येऊन सगळ्यांत पुढे ऐकू जायचा, ते काका तोंड मिटून फोन हलवत होते. हलवल्यावर कडवी बाहेर पडतील असं त्यांना वाटत असावं.

सासूबाई व्यासपीठावरून उतरल्या. मधल्या वाटेनं, हळूहळू, बाकांना धरत, थेट काकांपाशी गेल्या. ऑर्गन थांबला. डॉक्टरसुद्धा थांबले.

"तुम्ही का गात नाही?"

"बाई, पुढचं दिसत नाही," काका ओशाळून म्हणाले. "माझा फोन जुना आहे ना, त्यामुळं असेल."

सासूबाईंनी तो तडे गेलेला फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. वर लिहिलं होतं, 'दार उघडे ठेव देवा.' खाली त्यांचं नाव. त्याखाली कुलूप.

खरं सांगतो, मला त्या क्षणी बाकाखाली शिरावंसं वाटलं. शिरलोही असतो, पण पोट आड येतं.

सासूबाई परत आल्या त्या व्यासपीठाकडे नाही, माझ्या बाकाकडे. त्यांनी टॅब माझ्या मांडीवर ठेवला. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं!

"हे ठेवा, जावईबापू. जे सगळ्यांना नाही, ते मला नको."

बायकोनं माझ्यापासून एक हात लांब सरकून बसणं पसंत केलं.

मग सासूबाई चर्चच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फोन खाली ठेवा. मी ओळ सांगते, तुम्ही म्हणा."

तरुणांना कळेना. पण म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर एकदम ओळख पटली. पूर्वी पुस्तकं नव्हती, निम्म्यांना वाचता येत नव्हतं, तेव्हा असंच गायचे. पुढचा मोठ्यानं ओळ सांगायचा आणि सगळे ती ओळ सुरात उचलायचे. सासूबाईंनी सांगितलं, "लाज वाटे आत येता, पाय हे मळले किती!" आणि सव्वाशे माणसांनी ती ओळ अशी उचलली, की डॉक्टरांचं कुटुंब त्यात कुठल्या कुठे बुडून गेलं. दुसरं कडवं झालं. तिसरं झालं. काकांचा आवाज मागून पुढे आला.

चौथ्या कडव्याला सासूबाई थांबल्या.

"ना..." त्या म्हणाल्या. "ना..." पुढे काही येईना. त्यांनी डोळे मिटले, हात छातीवर ठेवला, पण ओळ आली नाही. त्यांची स्वतःची ओळ! वह्या घरी पेटीत. पुस्तकं कपाटात, आणि त्यांत हे गीत नव्हतंच. सासूबाईंच्या ओठांवर जो कंप आला, तो मी आजही विसरलेलो नाही.

आणि चौथं कडवं कुठे होतं? माझ्या मांडीवर! मोठ्या, ठळक, उघड्या अक्षरांत! मी फक्त उठून ते वाचायचं होतं. मी उठलो. घसा साफ केला. आणि ओळीवर नजर टाकली.

ना कडी अन् ना कुलुपही, घर तुझे हे मोकळे.

आता तुम्हीच सांगा, ही ओळ मी कुठल्या तोंडानं म्हणायची? त्या तोंडानं, ज्यानं कुलूप लावायला सांगितलं? माझी बोबडी वळली. 'ना' एवढंही फुटेना. नुसतं तोंड उघडून उभा!

तेवढ्यात उजवीकडून आवाज आला. "बाई, माझ्याकडे दिसतंय! मी सांगतो!"

दातांचे डॉक्टर! ते बाकावरून बाहेर आले, फोन पुढे धरला आणि पेशंटला 'आ करा' म्हणतात त्या आवाजात म्हणाले, "ना कडी अन् ना कुलुपही, घर तुझे हे मोकळे! जो कुणी ये त्यास देशी, सर्व काही आपुले!"

मंडळीनं ओळ उचलली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या! पाचवं कडवंही डॉक्टरांनीच सांगितलं. सासूबाई मधोमध उभ्या राहून, डोळ्यांतून पाणी गाळत गात होत्या, आणि त्यांची इच्छा पुरी झाली. एक सभासद, आणि सव्वाशे माणसं फुकटात पाचही कडवी गायली! व्यापारी म्हणून माझी याहून मोठी फजिती कधी झाली नाही, पण खोटं सांगत नाही, त्या शेवटच्या कडव्याला मीसुद्धा रडत होतो.

उपासना संपल्यावर मला पाळकसाहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. आत सासूबाई खुर्चीत, शेजारी बायको, दाराशी मेहुणा. पाळकसाहेब पाण्याचा ग्लास पुढे करून म्हणाले, "बसा. दमलात?" आणि स्वतःच ओशाळले.

सासूबाईंनी मला शब्दाची आठवण करून दिली नाही. त्यांनी भलतंच विचारलं.

"जावईबापू, माझ्या मुलाला किती दिलंत?"

मी मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा छताकडे बघत होता.

"कमिटीत म्हणालात ना, काम करणाऱ्याला मोबदला मिळाला पाहिजे? साहेबांनी सांगितलं मला. कुठाय तो?"

"आई, ते म्हणजे... घरचं काम... सेवा..."

"म्हणजे सेवा यानं करायची, गीतं मी द्यायची, आणि पैसे घंटावाल्यानं भरायचे. मग तुमचं काय?"

"माझी... कल्पना होती," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "अहो, गप्प बसा."

सासूबाईंनी दाराशी उभ्या मुलाला जवळ बोलावलं. मग म्हणाल्या, "मी पैशाच्या विरुद्ध नाही. याच्या कष्टांचे पैसे मिळायलाच हवेत. पण फुकट म्हणजे आभाळातून पडलेलं नव्हे, जावईबापू. फुकट म्हणजे कुणीतरी दिलेलं. पन्नास वर्षं मी दिलं. आता तुमची पाळी."

असा निकाल लागला! कुलूप निघालं, जाहिरात निघाली. मेहुण्याचा तीन महिन्यांचा मेहनताना माझ्याकडून. ॲप चालवण्याचं दरमहा भाडंही माझ्याकडून, कायमचं. मी निमूटपणे मान डोलावली. खरं तर मनात म्हटलं, हरकत नाही! निदान चार लोकांत नाव तरी होईल. 'यांच्या औदार्यामुळे' वगैरे. एखादी छोटी पाटी...

"आणि हे कुणाला सांगायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "दान गुपचूप करायचं असतं. शब्द द्या."

या वेळी शब्द द्यायला फार पैसे पडले.

आता ॲप उघडलं, की पहिल्या पानावर दिसतं: 'एका हितचिंतकाच्या देणगीतून हे ॲप सर्वांसाठी मोफत.' घंटावाले काका दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून दाखवतात. हा हितचिंतक कोण, याबद्दल मंडळीत कुणाच्याही मनात शंका नाही. सगळ्या ॲपमध्ये सोनेरी तारा एकाच नावापुढे आहे! तो काढायचा मेहुण्याकडून राहून गेला. राहून गेला असं तो म्हणतो.

त्यामुळे दर रविवारी लोक रांगेनं दातांच्या डॉक्टरांचा हात हातात घेतात. मंडळीतल्या आज्या त्यांना आशीर्वाद देतात. पाळकसाहेबांना खरं ठाऊक आहे, पण तेही शब्दानं बांधलेले! आणि डॉक्टर? ते खोटं एक अक्षर बोलत नाहीत. फक्त चष्मा पुसतात आणि म्हणतात, "अहो, त्यात काय एवढं!" गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे दाढ काढायला गेलो. मला वाटलं, निदान इथं तरी थोडी सवलत मिळेल. डॉक्टर हसून म्हणाले, "फुकटच्या वस्तूला किंमत नसते, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला!" आणि पूर्ण फी घेतली.

मी मनाची समजूत घातली होती, की जाऊ दे. गुपचूप दिलेल्या दानाची नोंद वर होते म्हणतात. पैसे गेले, नाव डॉक्टरांचं झालं, तरी वर तरी माझं खातं आहे!

आणि आता बघा, बोलण्याच्या भरात हे सगळं तुम्हाला सांगून बसलो. म्हणजे तेही गेलंच की! आता एवढी कृपा करा, निदान सासूबाईंना तरी सांगू नका.